शेजारपत्ता



‘पत्ता’ हा आपल्या भाषेतला मोठा कामसू शब्द आहे. हरवलेल्या माणसाचा पत्ता लागतो, नकोशा माणसाचा पत्ता कापला जातो आणि ज्याची वाट बघावी त्याचा पत्ताच नसतो. आज मी पत्त्याबद्दलच बोलणार आहे. पण पोस्टमनच्या हातातल्या पत्त्याबद्दल नव्हे, तर राउटर नावाच्या यंत्राच्या पत्त्याबद्दल. कविता लिहिणाऱ्या माणसानं हा विषय कशाला घेतला, असं तुमच्या मनात येईल. त्याचं कारण आधी सांगतो.

माझी भाची तालुक्याच्या गावी नेटवर्कचं काम शिकणाऱ्या मुलांचा वर्ग घेते. बारावी झालेली, आयटीआय केलेली ही मुलं. केबल ओढायची, राउटर बसवायचा, लाईन बंद पडली तर कुठे बंद पडली ते शोधायचं, हे त्यांचं उद्याचं पोट. पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत. म्हणून तिनं मुलांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका करायला घेतली, आणि एका शब्दापाशी गाडी अडली. “मामू, तुम्ही मराठीचे बी.ए. ‘लिंक-लोकल ॲड्रेस’ला मराठीत काय म्हणायचं, तेवढं सांगा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आधी ती वस्तू काय आहे ते मला समजाव. वस्तू कळल्याशिवाय नाव कसं ठेवणार?” त्या एका शब्दापायी आम्ही बरेच रविवार घालवले. त्यातून मला जे उमगलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पत्त्याच्या कामात कवीनं लक्ष घालावं, हे तसं नवीन नाही. आपण पत्राच्या खाली सहा आकड्यांचा पिनकोड लिहितो, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते, आणि वेलणकर संस्कृतातले कवी होते. एकाच नावाची कितीतरी गावं, त्यात वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळ्या लिप्या. पत्र जायचं कुठे? पिनकोडच्या पहिल्या आकड्यावरून देशाचा विभाग कळतो आणि पुढे सरकत सरकत आपण एका टपाल कार्यालयापर्यंत येतो. कळव्यातल्या माणसालाही ते आकडे कळतात आणि कोलकात्यातल्यालाही.

इंटरनेटवरचा पत्ता, ज्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, तो याच जातीचा. त्याचा पुढचा भाग कोणतं जाळं ते सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यातलं कोणतं यंत्र ते सांगतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते जगाला पुरले नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याआधीच नवी पद्धत तयार झाली होती. तिला आयपीची सहावी आवृत्ती म्हणतात. तिच्यात पत्ते इतके आहेत की मोजायला आपले परार्धसुद्धा अपुरे पडावेत. आपल्या मोबाईलवर आज ही नवी पद्धत सर्रास चालते. आपल्याला ती दिसत नाही एवढंच.

आता राउटर म्हणजे काय? चार रस्त्यांच्या चौकात उभा राहून ‘तुम्ही इकडे जा, तुम्ही तिकडे जा’ असं सांगणारा माणूस. माहितीचं पाकीट येतं, राउटर त्यावरचा पत्ता बघतो आणि योग्य त्या वाटेला लावतो. या यंत्राला अनेक तोंडं असतात. तंत्राच्या पुस्तकात त्यांना इंटरफेस म्हणतात. काम करणारी मुलं सरळ पोर्ट म्हणतात. आणि इथे एक गंमत आहे. पत्ता राउटरच्या डब्याला द्यायचा नसतो. तो त्याच्या एकेका पोर्टला द्यायचा असतो. जणू एका घराला तीन दारं आहेत, प्रत्येक दार वेगळ्या गल्लीत उघडतं, आणि प्रत्येक दारावर वेगळी पाटी आहे.

या पाट्या दोन प्रकारच्या असतात. एक सगळ्या जगाला कळणारी. दुसरी फक्त त्या गल्लीपुरती. ही दुसरी पाटी म्हणजे आपला आजचा विषय, लिंक-लोकल ॲड्रेस.

त्याचा नियम सोपा आहे. ज्या यंत्रांमध्ये राउटर ओलांडावा लागत नाही, ती एका गल्लीतली. त्यांच्यात मध्ये एखादी केबल असेल, किंवा एकच वायफाय असेल. लिंक-लोकल पत्ता तेवढ्यात चालतो. असा पत्ता लिहिलेलं पाकीट राउटरकडे आलं, तर तो ते पलीकडच्या गल्लीत पाठवत नाही. पाठवायचंच नाही, असा नियमच आहे. नव्या पद्धतीत हे पत्ते ‘एफई८०’ या अक्षर-अंकांनी सुरू होतात. त्यातली अक्षरं बघून गोंधळू नका. यंत्रांच्या या मोजणीत शून्य ते नऊ हे दहा अंक आणि त्यापुढे ए ते एफ ही सहा अक्षरं, असे एकूण सोळा अंक असतात.

हे ऐकल्यावर वर्गातल्या मुलांनी स्वतःच एक शब्द सुचवला होता: ‘तात्पुरता पत्ता’. त्यांना तो का सुचला, तेही ऐकण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीतही गल्लीपुरते पत्ते आहेत. ते १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतात. संगणक सुरू झाला की तो जाळ्याकडे ‘मला पत्ता द्या’ म्हणून मागणी करतो. कोणी उत्तर दिलं नाही, तर तो या राखीव पत्त्यांमधला एखादा मनानंच उचलतो, दुसऱ्या कोणाकडे तो नाही ना याची खात्री करतो आणि वापरू लागतो. विंडोज ९८ पासून आपल्या संगणकात ही सोय आहे. त्याचा रीतसर नियम मे २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. असे वापरता येणारे पत्ते ६५,०२४ आहेत. पण व्यवहारात काय झालं? पडद्यावर १६९ दिसलं की नेट गेलं, हे समीकरण पक्कं झालं. म्हणून मुलांच्या लेखी तो पत्ता म्हणजे बिघाडाची खूण.

नव्या पद्धतीत नेमकं उलट आहे. इथे गल्लीपुरता पत्ता नाइलाजानं घेत नाहीत. तो सगळ्यात आधी घेतात. पोर्ट जागा झाला की त्याला पहिल्यांदा हा पत्ता मिळतो, आणि जगाचा पत्ता मिळाला तरी हा जात नाही. प्रत्येक पोर्टला असा किमान एक पत्ता असलाच पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा ‘तात्पुरता’ हा शब्द बाद झाला. जो पत्ता आधी येतो आणि शेवटपर्यंत राहतो, त्याला तात्पुरता कसं म्हणणार?

हा पत्ता पोर्टला देतं कोण? माणूस देऊ शकतो. पण नाही दिला तर पोर्ट तो स्वतःच तयार करतो. त्याची एक जुनी रीत अशी: प्रत्येक पोर्टवर कारखान्यातून आलेला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाचे मधोमध दोन भाग करायचे, मध्ये ‘एफएफएफई’ ही अक्षरं घालायची आणि सुरुवातीची एक खूण उलटी करायची, म्हणजे शून्य-शून्यनं सुरू होणारा क्रमांक शून्य-दोननं सुरू होतो. त्याच्यापुढे एफई८० आलं की पत्ता तयार. पुढे लोकांच्या लक्षात आलं की या रीतीनं यंत्राची कायमची ओळख पत्त्यात उघडी पडते. म्हणून कारखान्याचा क्रमांक न दाखवता पत्ता बनवायच्याही रीती निघाल्या.

पत्ता तयार झाला तरी पोर्ट तो लगेच वापरत नाही. तो गल्लीत एक हाक देतो: “हा पत्ता कोणाचा आहे का?” आणि विचारताना तो पत्ता स्वतःचा म्हणून सांगत नाही, कारण अजून तो त्याचा झालेला नाही. साधारण एक सेकंद वाट बघतो. कोणी बोललं नाही, तर पत्ता त्याचा. कोणी ‘माझा आहे’ म्हटलं, तर हा तो घेत नाही. मला ही पद्धत फार आवडली. कुठल्या कचेरीत अर्ज नाही, शिक्का नाही. पण शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पाटीही नाही.

आता दुसरा शब्द. संगणकाच्या परिभाषेत ‘लिंक’ला ‘दुवा’ म्हणतात. तो धरून कोणी ‘दुवा-स्थानिक पत्ता’ असं म्हणेल. ‘दुवा’ मला लहानपणापासून ओळखीचा. आमच्या घरात हात वर करून मागायचा तो दुवा, अरबीतून आलेला. मराठीनंही तो आपलासा केला, म्हणून म्हातारी माणसं तोंड भरून दुवा देतात. साखळीच्या कडीलाही मराठी दुवाच म्हणते. दोन्ही शब्द मला प्रिय आहेत. पण केबल हातात धरलेल्या मुलाला ‘दुवा-स्थानिक’ म्हटलं, तर त्याला ना कडी दिसेल, ना आशीर्वाद. शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषांतर होतं. समज होतेच असं नाही.

मग राहिला ‘स्थानिक पत्ता’. छान, सोपा, वर्तमानपत्री शब्द. पण भाचीनं त्याला ठाम नकार दिला, आणि तिचं कारण मला पटलं. आपल्या घरच्या वायफायवर १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते असतात, ते पाहिले असतील. त्यांना खासगी पत्ते म्हणतात. तेही बाहेरच्या जगात चालत नाहीत. पण एका संस्थेच्या आत ते एका राउटरकडून दुसऱ्याकडे, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊ शकतात. लिंक-लोकल पत्ता एकही राउटर ओलांडत नाही. दोन्हींना ‘स्थानिक’ म्हटलं की मुलगा दोन्ही एकच समजणार. आणि त्यातून काय होतं, याचा किस्सा तिनं सांगितला.

दोन गावांच्या मधल्या लाईनवर तक्रार होती. शिकाऊ मुलगा तालुक्याच्या कचेरीत बसून पलीकडच्या राउटरची चौकशी करत होता. संगणकावरून एखाद्या पत्त्याला हाक मारता येते, त्याला ‘पिंग’ करणं म्हणतात. यंत्र जागं असलं तर उत्तर येतं. पलीकडच्या पोर्टला पत्ता दिला होता एफई८०, मग दोनदा अपूर्णविराम आणि शेवटी १. मुलानं त्या पत्त्याला पिंग केलं. उत्तर आलं. त्यानं लिहून दिलं, लाईन चालू आहे. इकडे गावातल्या सेवा केंद्राबाहेर दाखल्यांसाठी माणसं ताटकळत बसलेली, एसटीचे पैसे मोडून आलेली, आणि लाईन तर साफ बंद! झालं काय होतं? कचेरीतल्या राउटरच्या पोर्टलाही तोच पत्ता दिलेला होता. हाक गल्लीबाहेर गेलीच नाही. उत्तर दिलं ते हाताशी असलेल्या राउटरनं.

तुम्ही म्हणाल, दोन यंत्रांना एकच पत्ता? हीच या पत्त्याची खुबी आहे. गल्ल्या वेगळ्या असतील तर तोच पत्ता कितीही ठिकाणी चालतो. एकाच राउटरच्या दहा पोर्टना दहाही ठिकाणी तोच देता येतो. प्रत्येक गावात एक महात्मा गांधी रस्ता असतो. कोणाचं काही बिघडत नाही, गाव सांगितलं की झालं. तसं इथे पत्त्याच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह घालून कोणत्या पोर्टवरची गल्ली, ते सांगायचं असतं. फक्त एका गल्लीत दोघांना एक पत्ता नको.

मग माणसानं मुद्दाम असा छोटा पत्ता का द्यावा, पोर्ट स्वतः बनवतो तो काय वाईट? त्याचं उत्तर व्यवहाराचं आहे. कारखान्याच्या क्रमांकावरून बनलेला पत्ता लांबलचक असतो, लक्षात राहत नाही. शिवाय पोर्टचं कार्ड जळलं आणि नवीन बसवलं, की पत्ता बदलतो. आणि जुना पत्ता कुठे लिहून ठेवला असेल, तर तिथे सगळीकडे दुरुस्ती. त्याऐवजी या टोकाला १, त्या टोकाला २, असा ठरवून दिला की कार्ड बदललं तरी पत्ता तोच. अनेक राउटरवर त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरते: पत्ता लिहायचा आणि पुढे ‘लिंक-लोकल’ हे शब्द जोडायचे.

इतक्या छोट्या पत्त्याचं मोल काय, असं वाटेल. पण आपला फोन घरच्या वायफायला जोडला जातो, तेव्हा काय होतं ते बघा. फोन विचारतो, “इथे राउटर कोण आहे?” राउटर म्हणतो, “मी.” आणि हे सांगताना तो आपला जगाचा पत्ता नाही, गल्लीचा पत्ता देतो. फोन तोच लक्षात ठेवतो. मग तुम्ही लंडनला फोन लावा नाहीतर न्यूयॉर्कची बातमी वाचा. पाकिटावर पत्ता त्या दूरच्या ठिकाणाचा असतो, पण ते पाकीट पहिल्यांदा कोणाच्या हाती द्यायचं, हे या एफई८० वरूनच कळतं. पुढे राउटर आपापसात वाटांची माहिती देतात, तेव्हाही नव्या पद्धतीतले बरेच नियम ‘पुढचा मुक्काम’ म्हणून शेजारच्या राउटरचा गल्लीतलाच पत्ता सांगतात. इंटरनेट कंपनी बदलली, जगाचे पत्ते सगळे बदलले, तरी शेजारी तोच राहतो.

शेजारी म्हणवणारा खरंच शेजारी आहे का, हेही तपासतात. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. राउटर ओलांडला की तो एकानं कमी होतो. शेजाऱ्याचे निरोप २५५ हा आकडा घालूनच पाठवायचे; याहून मोठा आकडा त्या जागेत मावतच नाही. आलेल्या निरोपावर २५५ असेल तर तो या गल्लीतला. २५४ असेल तर कोणीतरी बाहेरून येऊन शेजाऱ्याचं सोंग घेतंय. तो निरोप टाकून द्यायचा.

यावरून जाणकारांत एक वादही आहे. दोन राउटरना जोडणाऱ्या लाईनवर दोन्ही टोकांना फक्त गल्लीचाच पत्ता द्यावा, जगाचा देऊच नये, असं करता येईल का? मायकेल बेरिंगर आणि एरिक व्हिंक यांचा नोव्हेंबर २०१४ मधला एक दस्तऐवज याच प्रश्नावर आहे. फायदे उघड आहेत. वाटांची यादी छोटी होते. पत्ते नोंदवण्याचं काम कमी होतं. आणि त्या पोर्टवर दूरवरून कोणाला थेट हल्ला करता येत नाही, कारण दूरवरून तिथे पोचताच येत नाही. पण तोटाही त्याच कारणानं. चोराला पोचता येत नाही, तसं दुरुस्ती करणाऱ्यालाही दुरून पोचता येत नाही. कोणत्या पोर्टशी वाट तुटली, ते कचेरीत बसून नेमकं दिसत नाही. म्हणून राउटरला एक तरी जगाला कळणारा पत्ता ठेवावा लागतो. तो कोणत्याच केबलला बांधलेला नसतो. त्याला लूपबॅक म्हणतात. त्या दस्तऐवजात निकाल दिलेला नाही. दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि ज्यानं त्यानं आपल्या जाळ्याकडे बघून ठरवावं असं सुचवलं आहे.

श्रोतेहो, हे सगळं समजून घेतल्यावर आम्ही जो शब्द निवडला तो ‘शेजारपत्ता’. एका मुलानं ‘गल्लीपत्ता’ही सुचवला होता. तोही चुकीचा नाही. पण आपल्याकडे गल्ली म्हटलं की दिल्ली आठवते आणि गल्लीला उगाच कमीपणा येतो. ‘शेजार’ या शब्दात जवळपण आहे आणि हद्दही आहे. तालुक्याला बसून कोणी पलीकडच्या गावच्या शेजाऱ्याला खिडकीतून हाक मारत नाही, हे मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही. शब्दानंच ते सांगितलं पाहिजे. चांगल्या परिभाषेचं काम एवढंच असतं: माणसाला ऐन वेळी चुकीच्या दारावर थाप मारू न देणं.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न काही नवा नाही. मी जिल्हा सांगतो, तालुका सांगतो. विचारणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान होतंच असं नाही. माझ्या गल्लीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे मी अमक्याचा मुलगा, तमकीचा भाऊ, एवढ्यावर भागतं. दोन्ही पत्ते माझेच. एक दूरच्यांसाठी, एक जवळच्यांसाठी. यंत्रांनाही दोन्ही लागतात, आणि त्यांच्यात जवळचा आधी येतो, हे मला या रविवारांनी शिकवलं.

भाचीची पुस्तिका आता मुलांच्या हातात आहे. त्यात चौकट घालून एक वाक्य छापलं आहे: ‘शेजारपत्त्यानं मारलेली हाक शेजाऱ्यालाच ऐकू जाते, दूरच्या राउटरची चौकशी करायची असेल, तर त्याचा जगाचा पत्ता वापरा.’ वाक्यात काव्य काही नाही. पण ते वाचून एखाद्या मुलानं बंद लाईन बंद म्हणून ओळखली आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाची एक खेप वाचली, तर त्या शब्दानं आपलं काम केलं असं मी समजेन.